घराघराने रंगवलेली पाटी

संप मोडल्यावर मी महादेवाला सांगितलं होतं, यांच्या हातात पुन्हा ब्रश दे, मी सोळा सोमवार करीन. सुलू, तुला ठाऊकच आहे, हे गिरणीत साड्यांच्या काठांची नक्षी काढायचे. चौकोन आखलेल्या कागदावर एकेक घर रंगवून मोर काढायचे, कुयऱ्या काढायचे.

तिसऱ्याच सोमवारी काम आलं. परळच्या एका फरसाणवाल्याला दुकानाची पाटी हवी होती. यांनी पाटी कधी रंगवली नव्हती, तरी ‘जमेल’ म्हणाले. गिरणीच्या सवयीने पत्र्यावर आधी बारीक चौकोन आखले आणि अक्षर न् अक्षर घराघराने भरत बसले. उद्घाटनाचा सत्यनारायण मांडला, तरी पाटीवर नुसतं ‘फर’!

शेठ म्हणाला, “काका, मी पाटी सांगितली होती. तुम्ही तर लुगडं विणायला बसलात!”

सगळे हसले. मी तिथेच होते गं, हातात प्रसादाचा द्रोण घेऊन.

शेठने नाक्यावरून दुसरा पेंटर आणला. त्याने चहा थंड व्हायच्या आत पाटी लिहून टाकली. यांच्या निम्म्या वयाचा असेल. हे त्याच्यापुढे जाऊन उभे राहिले. “मास्तर, मला शिकवाल?”

त्याने वर न बघताच ब्रशांचा डबा पुढे सरकवला. “आधी ब्रश धुवा.”

यांनी मोरीवर बसून ते धुतले. पुढे पाट्या शिकले, मग नंबरप्लेट, मग मखरं. पण दर वेळी सुरुवात मोरीवरूनच.

आता तुझे यजमान काम करतात त्या छापखान्यात कॉम्प्युटर आलाय, त्यांचं काम जाईल म्हणतेस. तूही सोमवार धर, बाई. पण माझ्यासारखं नुसतं काम मागू नकोस. शिकताना त्यांना कुणी हसू नये, एवढं आधी माग.