‘झालं’ म्हटल्याशिवाय सभा पुढे जात नाही

मी, ईश्वरअप्पा मन्मथअप्पा साखरे, वय ५४ वर्षे, व्यवसाय खत-बियाणे विक्री, रा. झरी, ता. जि. परभणी, आज रोजी कोणी न बोलावता ठाण्यात स्वतः हजर होऊन सांगतो की,

मी वरील ठिकाणी राहण्यास असून आमच्या कालव्यावरील पाणीवापर संस्थेचा सचिव आहे. सभासद झरीपासून पेडगावपर्यंत विखुरलेले आहेत. पूर्वी सभा मंदिराच्या मंडपात होत असे. एका सभेत प्लास्टिकची खुर्ची आकाशमार्गे माझ्याकडे आली. त्यानंतर सभा मोबाईलवर, व्हिडिओद्वारे घ्यावी असा ठराव मी मांडला व तो त्या खुर्चीच्या स्मरणार्थ एकमताने संमत झाला.

दूरस्थ सभेचे नियम मी स्वतः सिद्ध केले आहेत. कालव्याच्या मुखाकडील सभासदाने प्रथम व शेपटाकडील सभासदाने अखेरीस बोलावे, कारण पाणीही त्याच क्रमाने येते. एक जण बोलत असता इतरांनी माईक बंद ठेवावेत. बोलणाऱ्याने शेवटी ‘झालं’ असे म्हणावे. तो शब्द कानी पडेपर्यंत दुसऱ्या कोणीही, प्रत्यक्ष अध्यक्षांनीही, तोंड उघडू नये. या नियमाची आजवर यथेच्छ टिंगल झाली आहे. सभासद श्री. बन्सीधर मला तोंडावर ‘झालंअप्पा’ म्हणतात.

काल सकाळी रब्बीच्या पाण्यासंबंधी सभा होती. ज्यांना आपण कालपासून ठाण्यात बसवून ठेवले आहे ते श्री. दिनकरराव, रा. पेडगाव, हे आपल्या गोठ्यातून उपस्थित होते. त्यांच्या चौकटीत नित्याप्रमाणे अर्धे कपाळ व एक संपूर्ण म्हैस दिसत होती. अखेरचा क्रम कस्तुराबाईंचा. त्या दिनकररावांच्या चुलत भावाच्या पत्नी असून दोघांची शेते लागून आहेत. बांधावरून उभयतांत अनेक वर्षे अबोला आहे. दिनकरराव सभेत त्यांचा उल्लेख ‘शेजारचं शेत’ असा करतात. कस्तुराबाई त्यांचा उल्लेखच करीत नाहीत.

कस्तुराबाई स्वतःच्या शेतातून बोलत होत्या. त्या म्हणाल्या, “अप्पा, वरचे समदे पाणी पिऊन ढेकर द्यायलेत. माझी पाटाची चारी कोरडीच हाय. थांबा, दावते तुमाला.” त्यानंतर त्यांच्या चौकटीत आभाळ दिसले. आभाळ दिसतच राहिले. ‘झालं’ हा शब्द आला नाही.

बन्सीधर यांनी माईक उघडला. “अप्पा, बाई गेली चारी बघायला. फुडचं घ्या की. मला जिंतूरला जायचंय.”

मी म्हणालो, “त्यांचे ‘झालं’ आलेले नाही. माईक बंद करा.”

“लय भारी नियम तुमचा,” असे म्हणून त्यांनी तो बंद केला. यात माझी कोणतीही दूरदृष्टी नव्हती, केवळ हट्ट होता, हे नमूद करावे.

तदनंतर जे घडले त्यास मजजवळील संस्कृत अपुरे आहे. एकमेकांच्या खोकल्यावरही हरकत घेणारे आमचे समस्त सभासद एकाच वेळी निःशब्द झाले. त्या शांततेत आधी वारा ऐकू आला, मग टिटवी, आणि तिच्याही खाली, फार खोलवरून, घुमत येणारे कण्हणे. मी देवळात पुष्कळ वेळा डोळे मिटून बसलेलो आहे. अशी शांतता मला तेथे लाभलेली नाही.

दिनकरराव माईक उघडून उभे राहिले. “ह्यो हिरीतला आवाज हाय,” ते म्हणाले. आणि मग ओरडले, “वैनी! धरून ऱ्हावा, आलो!” त्यांचा मोबाईल गोठ्यातच राहिला व आम्हांस फक्त म्हैस दिसू लागली. थोड्या वेळाने कस्तुराबाईंच्या मोबाईलमधून धावती पावले ऐकू आली, मग पाण्यात उडी, मग “पाईप सोडू नका वैनी, मी हाय.” पेडगावचे सभासद मोबाईल तसेच टाकून धावले. चौकटींत रिकाम्या ओसऱ्या, रिकाम्या बाजा दिसू लागल्या. त्या रिकाम्या चौकटींना मी हात जोडले.

कस्तुराबाईंचे चिरंजीव बालाजी विहिरीवर पोहोचले, तेव्हा त्यांना डोके फुटलेली आई व तिला धरलेले दिनकरराव दिसले. अबोला ठाऊक असल्याने त्यांनी समजायचे ते समजून तक्रार दिली. त्यांचा दोष नाही, ते सभेत नव्हते. कण्हणे ऐकू आले तेव्हा दिनकरराव गोठ्यात होते, यास सर्व सभासद साक्षी आहेत. म्हैसही आहे; परंतु तिचा जबाब घेता येत नाही, असे हवालदार सुकेशनी मॅडम यांनी सांगितले.

जबाब येथवर आला असता इस्पितळातून बालाजी यांचा फोन आला. आई शुद्धीवर आली असून बोलायचे म्हणते, असे ते म्हणाले. मॅडमनी स्पीकर लावला.

“अप्पा हायत का तिथं? अप्पा, माझं बोलणं ऱ्हायलंय.”

कोणीतरी उठून पंखा बंद केला.

“माती ढासळली अन् मी पडले. भावजीनं काढलं. सोडा त्येंला. बांधाचं भांडण म्या सोडलेलं न्हाई, घरी आल्यावर करते. अन् चारीला अजून पाणी न्हाई.”

मग काहीच आले नाही. मॅडम बोलायला गेल्या. मी हात वर केला. फौजदारसाहेबांसह सर्व ठाणे थांबले.

“झालं,” कस्तुराबाई म्हणाल्या.

बाकावरच्या दिनकररावांनी टोपी डोळ्यांवर ओढून घेतली.

बाईंचा जबाब स्वतंत्र घेतला जाईल, असे मला सांगण्यात आले. माझा हा जबाब मॅडमनी मोठ्याने वाचला, मी लक्षपूर्वक ऐकला व तो माझ्या सांगण्याबरहुकूम खरा आहे. शब्द सोपे करण्याची त्यांची सूचना मी विनयपूर्वक नाकारली आहे. कालची सभा आज ठाण्यात संपली, सबब खाली सही करतो. झालं.