शिवलेलं पान

रत्नप्रभा: आधी तो शिक्का बदल, केतकी. अजून बावीस सालच दाखवतो आहे. तेवीस लागून महिना झाला.

केतकी: बाई, आता कोण शिक्के मारतं? मोबाइलवर फोटो काढून ठेवायचा, झालं.

रत्नप्रभा: माझ्या कपाटातल्या पुस्तकांना शिक्का लागतो. यांनी, म्हणजे नरहररावांनी, तहसिलीच्या लिलावातून हे कपाट उचलून आणलं, तेव्हापासून लागतो. तू फ्रॉक घालून पहिल्यांदा आलीस तेव्हाही मारला होता. आणि परत करताना त्या पुस्तकाचं तू काय केलं होतंस, सांगू?

केतकी: नका सांगू.

रत्नप्रभा: राजाला चष्मा काढला होतास. बॉलपेनानं.

केतकी: त्याला दिसत नव्हतं हो. तोंडावरूनच कळत होतं. तुम्ही एवढ्या रागावलात, आणि वर म्हणालात, ‘आता एक आवडलेलं सांग, एक न आवडलेलं सांग, मगच दुसरं पुस्तक.’

रत्नप्रभा: अजून तेच चालतं. वर्गणी नाही, अनामत नाही. मत द्यायचं आणि पुस्तक न्यायचं. तुझं पुस्तक छापायच्या आधी पोरांची मतं ऐकायला तू यवतमाळहून पांढरकवड्यापर्यंत आलीस ना? मग तयारीनं ऐक. नुसतं ‘छान आहे’ या ओट्यावर चालत नाही.

केतकी: कळलंय मला ते. एका मुलाला वासराचा रंग आवडला नाही. म्हणे, असं जांभळं वासरू कोण विकत घेईल? आणि एकीचं म्हणणं, चिंगी जंगलात घंटा शोधत हिंडते, तर तिच्या पायात चप्पल का नाही?

रत्नप्रभा: बरोबरच आहे. काटे काय चित्रातले असले म्हणून टोचत नाहीत?

केतकी: चारच नमुना प्रती काढल्या होत्या. तीन आल्या. चौथी कुणाकडे आहे?

रत्नप्रभा: गंगीकडे. तांड्यावरची आहे, मुलींच्या निळ्या बसनं इथं शाळेत येते. आठवीत गेली, एवढी घोडी झाली, पण नेते मात्र चित्रांचीच पुस्तकं. मी किती वेळा म्हटलं, बाई, आता भरपूर अक्षरांचं काहीतरी ने, पण कपाटाच्या खालच्या खणापाशीच बसते. ही बघ, आलीच. ये गं. दप्तर ठेव तिकडे.

गंगी: बाई, हे घ्या पुस्तक. मले बस हाय. जाऊ?

रत्नप्रभा: थांब जरा. या केतकीताई. पुस्तक यांनीच लिहिलं, चित्रंही यांचीच. सांग आता त्यांना.

गंगी: घंटी आवडली. वासराच्या गळ्यातली. हरवते, अन् शेवटी भेटते.

रत्नप्रभा: आणि न आवडलेलं?

गंगी: काही नाही.

रत्नप्रभा: काही नाही चालत नाही, माहीत आहे ना?

गंगी: मंग राहू द्या. आज दुसरं पुस्तक नको मले.

केतकी: बाई, हे काय? मधली पानं उघडतच नाहीत. अहो, शिवलीत!

रत्नप्रभा: शिवलीत? आण इकडे. अगं गंगे! लाल, पिवळ्या दोऱ्यानं, तिन्ही कडांनी. आणि वर आरसे! हे काहून केलंस?

गंगी: दोनच आरसे हायेत. याडीच्या जुन्या ओढणीचे. याडी म्हणजे माय, ताई.

रत्नप्रभा: पानं फाडणारी पोरं पाहिली मी, चाटणारी पाहिली. केतकीसारखी चष्मे काढणारी पाहिली. शिवणारी तू पहिली. अगं, ही छापायच्या आधीची प्रत आहे. ताई त्यांच्या प्रकाशकाला दाखवणार होत्या.

केतकी: बाई, थांबा. आत कोणतं चित्र आहे ते मला माहीत आहे. वाघाचं आहे.

रत्नप्रभा: वाघाचं. अगं बाई. तुझ्या तांड्यावर मागं झालं होतं ना काहीतरी. बस, गंगी. पाणी घे आधी. लहान भाऊ घाबरतो का त्या चित्राला?

गंगी: सेवादास? तो कायले भिते? ‘वाघ दाखव, वाघ दाखव’ करून डोकं खाऊन राह्यला माझं. त्यानं उसवू नये म्हणून तं एवढे बारीक टाके घातले.

केतकी: मग कुणासाठी शिवलंस?

गंगी: बाबासाठी.

रत्नप्रभा: खेमसिंगवरच झाला होता तो हल्ला?

गंगी: हो. पोळा झाला अन् आठ दिवसांनी. बाबा तांड्याची गुरं चारते. नाल्यापाशी गेलता, तं समोरच. खांदा फाडला. गुरं अंगावर धावली म्हणून सोडला त्यानं.

रत्नप्रभा: पण बरा झाला असं ऐकलं होतं मी.

गंगी: खांदा बरा झाला. बाबा नाही झाला. घराबाहेर निघत नाही. भिंतीकडं तोंड करून पडते. आपण बोललं तं नुसतं ‘हूं’. मी सेवादासले पुस्तक वाचून दाखवते ना, तेवढा वेळ उठून बसते. त्याले वाचता नाही येत, पण चित्र पाहते. म्हणून मी चित्राचंच नेते, बाई. अक्षरांच्या पुस्तकात बाबाले काय दिसन?

रत्नप्रभा: आणि मी तुला घोडी म्हणत होते.

गंगी: म्हणा ना. त्याचं काय वाईट वाटते.

केतकी: हे पुस्तक वाचलंस तेव्हा काय झालं?

गंगी: लय आवडलं त्याले. गुराढोराचं हाय ना. घंटी पाहून म्हणे, ‘अशीच आपल्या धवळीची होती, पितळेची.’ पोळ्यापासून पहिल्यांदा एवढं लंबं बोलला. आम्ही खूश. मंग मी पान उलटलं अन् हा एवढा मोठा वाघ. दोन्ही पानं भरून. आमच्याकडंच पाहून राह्यला. बाबा उठला, चुलीमागं जाऊन बसला. जेवलाबी नाही. दुसऱ्या दिवशी याडीकडून सुई घेतली मी.

रत्नप्रभा: आणि आता?

गंगी: आता शेवटपर्यंत बसते. घंटी भेटते तवा मान हलवते. त्या पानावर आलं की मी म्हणते, ‘इथं अंधार होता. काही दिसलं नाही. मंग सकाळ झाली.’ अन् पुढचं पान उलटवते.

केतकी: हे माझ्या वाक्यापेक्षा चांगलं आहे.

रत्नप्रभा: तुझं काय होतं?

केतकी: ‘वाघोबा हसला आणि म्हणाला, ये, बस माझ्या पाठीवर.’

गंगी: ताई, राग नका मानू. पण तो पाठीवर नाही बसवत.

केतकी: काढूनच टाकते मी त्याला. त्याच्या जागी माकड घालते.

गंगी: नाही, नाही! वाघ काढला तं ते जंगल कायचं? सेवादास रडून गाव गोळा करन. राहू द्या त्याले. पण हसू नका देऊ. अन् आमच्याकडं पाहू नका देऊ.

केतकी: मग कुठं पाहील तो?

गंगी: पाण्याकडं. दवाखान्यात बाबा एकदाच बोलला होता त्याचं. म्हणे, ‘तोबी पाणी प्यायलेच आलता, मी मधात आलो.’ मंग पिऊ द्या ना त्याले पाणी. चिंगी झाडामागं थांबन. तो गेला की घंटी उचलन.

रत्नप्रभा: बघ! आणि म्हणत होती, न आवडलेलं काही नाही.

गंगी: ताई बसल्या होत्या ना समोर. त्यांच्या तोंडावर कसं सांगू? पुस्तक तुमचं हाय, ताई, न्या तुम्ही. मी आत्ता मोकळं करून देते. हा मधातला पिवळा दोरा दिसते ना, तो ओढला की सारे टाके सुटतात. बारीक भोकं राहतीन फक्त.

रत्नप्रभा: हात लावू नकोस त्याला! केतकी, तू दुसरी एखादी प्रत घेऊन जा.

केतकी: मी तेच म्हणणार होते, बाई. ही गंगीकडेच राहू दे. आणि मी घरी गेल्यावर वाघ पुन्हा काढायला बसते.

गंगी: अन् परत कवा करायचं?

रत्नप्रभा: शिक्का मारते, पण परतीची तारीख टाकत नाही. घे. आणि खालच्या खणातून आणखी एक उचल. हत्तीचं आहे बघ, मोठाल्या चित्रांचं. खेमसिंगला हत्ती चालेल ना?

गंगी: हत्तीनं त्याचं काय घोडं मारलं? येते, बाई. बस गेली तं याडी मले शिवून ठेवन.

(पंचवीस सालचा जून. तोच ओटा. कपाटाच्या जागी भिंतीवर नुसता चौकोनी डाग. केतकीच्या मांडीवर छापलेलं पुस्तक.)

रत्नप्रभा: माझ्या हातात दे. बारीक अक्षर नाही दिसत आता, डोळ्याचं ऑपरेशन झालं तरी. पण हात फिरवला की कळतं. हे काय, पान दुमडलेलं आहे का?

केतकी: हो. दोऱ्यानं शिवणं प्रकाशकांना जमेना, म्हणून घडीचं पान केलं. बाहेरून सगळा अंधार, आणि खाली गंगीचं वाक्य. घडी उघडली तर आत पाणी पिणारा वाघ. ज्याला नको त्यानं उघडू नये, गोष्ट कुठं अडत नाही. मागच्या पानावर ‘चित्रं’ लिहिलंय, तिथं माझ्या नावाखाली तिचंही नाव घातलंय.

रत्नप्रभा: आणि मतं? का आता मोठी चित्रकार झालीस, मतं नकोत?

केतकी: नकोत म्हटलं तरी येतात! यवतमाळात धम्मरत्न नावाचा पाचवीतला मुलगा भेटला. म्हणाला, ‘मी घडी उघडत नाही, कारण आई घाबरते.’ आई मागं उभी राहून हसत होती. मैत्रेयी म्हणून अकरावीतली एक मुलगी आहे. तिचं म्हणणं, अंधाराचं पान सगळ्यात सुंदर आहे, त्याच्या आत वाघ नसता तरी चाललं असतं.

रत्नप्रभा: तिला कपाट दाखवायला हवं होतं. पण ते तर गेलं तांड्यावर, हंसाबाईकडे. गंगीची आई गं. मला आता खुर्चीवर चढून वरचा खण काढवत नाही. म्हटलं, फाटकी पुस्तकं शिवायला हात कुणाचा आहे? तर तिचा. ट्रॅक्टरवर घालून नेलं. वाचता येत नाही तिला, पण प्रत्येक पुस्तक चित्रावरून ओळखते.

केतकी: आणि शिक्का?

रत्नप्रभा: तो सेवादास मारतो. दुसरीत गेला. उलटा मारतो, पण मारतो. आणि मतही तोच घेतो. माझ्यापेक्षा कडक आहे म्हणतात. ही बघ कोण आली.

गंगी: बाई, पेढा घ्या. ताई, तुम्हीबी घ्या. यवतमाळले अकरावीत नंबर लागला. होस्टेलबी भेटलं.

केतकी: अभिनंदन गं! आणि बाबा?

रत्नप्रभा: मी मुद्दाम सांगितलं नाही हं केतकीला. तूच सांग. संक्रांतीचं.

गंगी: संक्रांतीले मी तेच जुनं पुस्तक वाचून राह्यली होती. त्या पानावर आली अन् म्हटलं, ‘इथं अंधार होता.’ तं बाबा म्हणे, ‘दोन वर्षं झाले, कायचा अंधार हाय रोज रोज?’ अन् त्यानंच हात घातला. पिवळा दोरा ओढला.

केतकी: बापरे. मग?

गंगी: मी तं जागच्या जागी. याडी भाकर तव्यावर सोडून आली. बाबा पाहतच राह्यला. अन् एकदम हसाले लागला. असा हसला, असा हसला की शेजारचे डोकावले. म्हणे, ‘असे दात काढते का वाघ? हा तं आपल्या तांड्याच्या नाईकासारखा दिसते!’

रत्नप्रभा: मी हे चार वेळा ऐकलं, तरी हसू येतं.

गंगी: मंग सेवादासले मांडीवर घेतला अन् खरा वाघ कसा असते ते सांगत बसला. कसा आला, कुठून आला, डोळे कसे होते. सारं. शर्ट काढून खांदाबी दाखवला. आम्हालेच कोणाले माहीत नव्हतं एवढं. अन् होळीपासून गुरं घेऊन जाते. नाल्यापर्यंत नाही जात अजून. अलीकडच्या पडिकात चारते.

केतकी: म्हणजे तो माझा हसणारा वाघ...

रत्नप्रभा: डोळे पूस. नव्या पुस्तकावर पडेल पाणी.

केतकी: गंगी, तुला मी पाठवलेली प्रत मिळाली का?

गंगी: परवाच भेटली. साऱ्यांनी पाहिली.

रत्नप्रभा: मग चल. कपाट गेलं म्हणून नियम गेला नाही. आवडलेलं सांग.

गंगी: घडी उघडली ना, तं वाघ पाणी पिते अन् पाण्यात त्याचं तोंड हलते. ते आवडलं. खराखुरा वाटते.

रत्नप्रभा: आणि न आवडलेलं? ताई समोर आहेत म्हणून लपवू नकोस.

गंगी: माझं काही नाही, बाई, खरंच. बाबाचं हाय. त्यानं घडी उघडली, लय वेळ पाह्यलं, अन् म्हणे, ‘चांगला काढला. पण पोरी, तो हसणारा कुठं गेला?’