मराठीतली एकच ओळ

(परळच्या एका इस्पितळातला पॅसेज, दुपार. आत वॉर्डात रमाकांत. उद्या सकाळी त्यांच्या पायाचा अंगठा काढायचा आहे. बाहेर बाकावर त्यांची बायको दुर्गा आणि मुलगी नूपुर.)

नूपुर : बारा स्ट्रिप्स, आई! तांदळाच्या डब्यामागे बारा स्ट्रिप्स सापडल्या मला. एकही गोळी काढलेली नाही. दर महिन्याला मी माहीमच्या माझ्या घरून तुमच्याकडे ठाकूरद्वारला आणून देत होते, ते काय तांदळाला पोरकिडे लागू नयेत म्हणून?

दुर्गा : हळू बोल. आत ऐकू जातंय.

नूपुर : जाऊ दे ऐकू! शुगर चारशेच्या वर गेलीय. बोट काळं पडलं तरी तू हळदच लावत बसलीस.

दुर्गा : तुझाच कागद वाचून बंद केल्या गोळ्या.

नूपुर : कुठला कागद?

दुर्गा : विज्ञान दिनाचं ते भलंमोठं पोस्टर. तुझ्या लॅबमधून आणून आमच्या बाहेरच्या खोलीत तूच चिकटवलंस. 'मेटफॉर्मिन : ऑक्सिडेटिव्ह ताण व डीएनएची मोडतोड.' ह्यांच्या गोळीवरही तेच नाव. म्हणजे गोळीने ताण येतो, आत मोडतोड होते. आणखी काय अर्थ काढायचा माणसाने?

नूपुर : अगं, कमी होते! साखर वाढली की पेशी आतून गंजल्यासारख्या होतात, त्याने डीएनए तुटतो. ही गोळी घेणाऱ्यांच्या रक्तात ती मोडतोड आम्हाला कमी दिसली. कमी!

दुर्गा : 'कमी' कुठे लिहिलंयस?

नूपुर : खाली ग्राफ आहेत ना.

दुर्गा : ते सगळं इंग्रजीत. मराठीत तेवढी वरची ओळ.

नूपुर : टायटलमध्ये निष्कर्ष लिहीत नाहीत, आई.

दुर्गा : मग मराठीत लिहूच नका! कशाला आमच्यावर उपकार?

नूपुर : विचारायचंस तरी मला!

दुर्गा : दोनदा विचारलं. पहिल्यांदा म्हणालीस, 'तुला नाही कळणार.' दुसऱ्यांदा मोबाइलमधून मान वर केली नाहीस.

नूपुर : म्हणून डॉक्टरांनाही न विचारता परस्पर बंद? तू बाबांचा अंगठा घालवलास, कळतंय का तुला?

दुर्गा : हो, मीच. सांग सगळ्या वाडीला. चौदा वर्षं ह्यांचं पथ्य कोणी सांभाळलं तेही सांग मग.

नूपुर : आणि बाबा गप्प बसले? गोळी का देत नाहीस, विचारलं नाही?

दुर्गा : विचारलं. पहिल्याच दिवशी.

नूपुर : काय सांगितलंस?

दुर्गा : सांगितलं, नूपुरने बंद करायला सांगितलीय.

नूपुर : माझं नाव घेतलंस? धडधडीत खोटं?

दुर्गा : पोस्टर तुझंच होतं.

नूपुर : ...मग? काय म्हणाले बाबा?

दुर्गा : गोळीसाठी हातात घेतलेला पाण्याचा पेला खाली ठेवला. म्हणाले, 'नूपुर म्हणाली ना? मग झालं.'