गच्चीच्या दाराची किल्ली

पोलीस ठाणे, जबल अत-ताज, अम्मान. सोमवार, सकाळी ११.२०.

मी, नजवा तौफीक अल-बितार, वय ५१ वर्षे, धंदा घरी शिवणकाम, राहणार जबल अत-ताज, पायऱ्यांच्या गल्लीतली तीन मजली इमारत, वरचा मजला. कोणी बोलावलेले नसताना ठाण्यात येऊन समक्ष सांगते की,

मी वरील पत्त्यावर आई विदाद, वय ८३, हिच्यासोबत राहते; हज करून आल्यापासून सगळे तिला हज्जा म्हणतात. माझे लग्न झालेले नाही. आई एकोणीस वर्षांपासून माझ्याकडे आहे आणि चार वर्षांपासून अंथरुणावर आहे. तिला साखरेचा विकार आहे. डोळ्यांना फक्त आकार दिसतात. माझी धाकटी बहीण सुहा, वय ४४, लग्नानंतर दोहा येथे असते. ती दहा दिवसांसाठी आली होती. तिचे परतीचे विमान गुरुवारचे होते. बुधवारी दुपारी बर्फ सुरू झाला आणि विमानतळ बंद झाला.

गुरुवारी सकाळी गल्लीत गुडघाभर बर्फ होता. समोरच्या ऑलिव्हच्या झाडाची फांदी मोडून एका गाडीवर पडली. वीज गेली. नळ गोठले. गॅसची गाडी वर चढली नाही. आमच्याकडे एक सिलेंडर भरलेला होता, तो मी मंगळवारीच आणून ठेवला होता.

मी बेकरीत गेले. बायकांच्या रांगेत दोन तास पन्नास मिनिटे उभी राहिले. माणशी आठच रोट्या देत होते. घरी आले तेव्हा सुहाने शेगडीवर एक रोटी गरम करून आईला दिली. आई म्हणाली, "सुहा, कुठून मिळवलीस गं एवढ्या बर्फात?" सुहा म्हणाली, "अगं, नजवाने आणली." आई म्हणाली, "बरं बरं. छान लागतेय, तू शेकलीस ना."

आई माझ्या हातून तीन-चार चमचे खाते, मग तोंड फिरवते. सुहाच्या हातून ती दोन्ही वेळा वाटी संपवत होती. सुहा तिच्या हाताला मलम चोळायची आणि आई तिला गोष्टी सांगायची. बाबांनी लग्नाआधी तिच्यासाठी भिंतीवरून उडी मारून पाय मुरगळून घेतला होता, ही गोष्ट मी या शुक्रवारी पहिल्यांदा ऐकली. मी तेव्हा शेजारच्या खोलीत चादरी वाळत घालत होते. खालच्या मजल्यावरच्या बायका रोज वर यायच्या. आधी त्या महिन्यातून एकदा यायच्या. "सुहा आली आणि घरात उजेड आला," असे त्यापैकी एक म्हणाली. मी त्यांना कॉफी केली.

शुक्रवारी दुपारी चार वाजता मी आईच्या डोळ्यांत औषध घातले. वेळ मला नक्की आठवते, कारण ते औषध चारलाच घालायचे असते. त्यानंतर सुहा म्हणाली, "आई, काकवी घालून बर्फ खायचा का? बाबा करायचे तसा?"

मी म्हणाले, "तिला खोकला आहे, सुहा."

आई म्हणाली, "तू गप बस गं. जन्मभर नुसतं डाळीचं सूप आणि गोळ्या. एकदा तरी तोंडाला चव येऊ दे माझ्या."

"चमचाभरच देते, नजवा. अशी बघू नकोस," सुहा म्हणाली. तिने स्टीलचा वाडगा घेतला, लाल कोट घातला आणि शाल खुर्चीवर टाकून गच्चीवर गेली. गल्लीतला बर्फ घाण झालेला होता, म्हणून वर गेली.

गच्चीचे दार लोखंडी आहे. किल्ली आतल्या बाजूने कुलपातच असते. मी तिच्या मागून जिना चढले. ती टाक्यांच्या पलीकडे पाठमोरी, वाकून बर्फ भरत होती आणि काहीतरी गुणगुणत होती. मी दार ओढून घेतले आणि किल्ली फिरवली. तेव्हा चार वाजून दहा मिनिटे झाली असतील.

मी जिना उतरत असताना तिने दारावर हात मारले. "नजवा! अगं, दार लागलं! नजवा!" असे तीनदा ऐकू आले. नंतर वाऱ्यामुळे काही ऐकू आले नाही. मी घराचे दार लावले.

अंमलदारांनी विचारले की तिला इजा करण्याचा हेतू होता काय. त्यावर सांगते की, नव्हता. मला एकटीला थोडा वेळ आई हवी होती.

जिन्यात थंडी लागली होती म्हणून मी खुर्चीवरची सुहाची शाल अंगावर घेतली. सूप गरम केले आणि आईजवळ बसले. खिडकीवर बर्फ साचलेला होता, खोलीत शेगडीचाच काय तो उजेड. शालीला सुहाच्या अत्तराचा वास होता. आईने पहिला चमचा घेतला, दुसरा घेतला. मी मोजत होते. सात झाले.

मग ती म्हणाली, "सुहा, नजवा कुठे आहे?"

मी पुढचा चमचा भरला.

"झोपली असेल. झोपू दे. रात्री चारदा उठते ती माझ्यासाठी, तिला वाटतं मला कळत नाही." तिने आणखी एक चमचा घेतला. "हे बघ, काल तू म्हणालीस ना की नजवाला महिनाभर दोह्याला नेते, विश्रांतीला. तसलं मनातही आणू नकोस. तू पाहुणी आहेस पोरी. तू भरवतेस तेव्हा मी खाते, नाहीतर तू रडत परत जाशील. तिच्यासमोर मला नाटक करावं लागत नाही. नको वाटलं की तोंड फिरवते. ती गेली ना, तर मी आठवडाभरसुद्धा राहायची नाही. ऐकलंस?"

मी "हो" म्हणाले. आईने आवाज ओळखला की नाही, सांगता येत नाही. मी वाटी खाली ठेवली. वाटीत सूप शिल्लक होते.

मी वर धावले आणि दार उघडले. घड्याळात पाच वाजायला वीस मिनिटे होती. गच्चीवर सुहा नव्हती. पावलांचे ठसे पश्चिमेच्या कठड्याकडे गेलेले होते आणि बर्फाने भरत आले होते. त्या बाजूला शेजारी अबू राकान यांची गच्ची आहे, आमच्यापेक्षा दीड पुरुष खाली. तिने कठड्यावरून तिकडे उतरायचा प्रयत्न केला होता. ती त्यांच्या दोन टाक्यांच्या मध्ये पडलेली होती. अंगावर बर्फ साचला होता, लाल कोटाची एक बाही तेवढी दिसत होती. मी हाका मारल्या. ती हलली नाही.

मी अबू राकान यांच्या नावाने ओरडले. ते खिडकीतून म्हणाले, "काय झालं? हज्जा गेली काय?"

"सुहा पडली! तुमच्या गच्चीवर! वर या!"

ते आणि त्यांचा जावई वर गेले. तिचा पाय गुडघ्याखाली मोडला होता आणि ओठ निळे पडले होते, पण श्वास चालू होता. रुग्णवाहिकेला फोन केला. गाडी उताराच्या पायथ्याशी अडकली आहे, रुग्णाला खाली आणा, असे सांगण्यात आले. तेव्हा माझी कापड बेतायची फळी काढली, सुहाला घोंगड्यांत गुंडाळून तिच्यावर बांधले. गल्लीच्या पायऱ्या बर्फाखाली गेल्या होत्या. बेकरीसमोरच्या पुरुषांनी रांग सोडली आणि दोन्ही बाजूंना उभे राहून फळी हातोहात खाली दिली. एक जण म्हणाला, "माझा नंबर कुणी घेतला तर बघा हं," आणि दुसरा म्हणाला, "धर नीट, नंबरवाल्या." मी मागून चालत होते. एक म्हातारे गृहस्थ मला म्हणाले, "धीर धर पोरी. तुझ्यासारखी बहीण पाठीशी असल्यावर काही होत नाही तिला."

सुहाच्या पायावर शस्त्रक्रिया झाली. डाव्या हाताची दोन बोटे काळी पडली आहेत, ती राहतील की जातील हे डॉक्टर आठवड्याने सांगणार आहेत. तिने दवाखान्यातल्या पोलिसांना सांगितले की दार बर्फाने घट्ट बसले होते. ते खरे नाही.

काल रविवारी रस्ता मोकळा झाल्यावर मी तिला भेटले.

मी म्हणाले, "सुहा, दार गोठलं नव्हतं."

"माहीत आहे. किल्लीचा आवाज आला मला."

"मग असं का सांगितलंस?"

"मग काय सांगू? तुला आत घातलं तर आईला बघणार कोण? मी? मला तिसऱ्याच दिवशी जीव नकोसा झाला होता, नजवा. विमान रद्द झालं तेव्हा मी न्हाणीघरात बसून रडले." मग तिने तोंड भिंतीकडे केले. तशीच म्हणाली, "थंडी वाजत होती गं खूप. मला वाटलं, आता उघडशील, आता उघडशील."

मी तिच्या केसांतून हात फिरवायला गेले. तिने मान बाजूला घेतली.

मी निघताना परिचारिका मला म्हणाली, "तुमची बहीण फार गोड आहे हो. एवढं दुखतंय, पण कुणाबद्दल वाकडा शब्द नाही." सुहाने माझे नाव घेतले असते तर मला सोपे गेले असते. इथेही तीच चांगली ठरली. म्हणून मी आज आले आहे. ही गोष्ट मी माझ्या तोंडाने सांगत आहे.

आईला यातले काही माहीत नाही. सुहा घसरली एवढेच तिला सांगितले आहे. सध्या तिच्याजवळ अबू राकान यांची पत्नी आहे. औषधांच्या वेळा लिहून दिल्या आहेत.

आई माझ्याबद्दल जे बोलली, ते मी सुहाला सांगितलेले नाही आणि सांगणार नाही. हा कागद तिला वाचायला मिळणार असेल तर तेवढा मजकूर काढावा, अशी विनंती केली. लिहिलेले काढता येत नाही, असे अंमलदारांनी सांगितले. मी म्हटले, मग राहू द्या.

येथवर लिहिलेले मला सावकाश वाचून दाखवले. मधले आईचे बोलणे मी दुसऱ्यांदा वाचायला लावले. सर्व मी सांगितले तसेच आहे, त्यात जादा-उणे काही नाही, म्हणून खाली सही केली आहे.

नजवा तौफीक अल-बितार