सिसिलीतल्या मुलीची आई

(न्यू जर्सीतलं वेस्ट विंडसर, रविवारची सकाळ. रत्नाला महाराष्ट्र मंडळात मध्ययुगीन सिसिलीवर बोलायचंय. तयारी म्हणून ती मुलीला, अनयाला, ऐकवतेय.)

अनया: थांब, थांब. बापाने मुलगी अशीच देऊन टाकली? ओळख ना पाळख?

रत्ना: ओळख नव्हतीच. हजहून परतणारे प्रवासी बेटावर जहाजाची वाट बघत थांबलेले. या माणसाने निरोप धाडला, माझ्या मुलीला तुमच्यापैकी कुणीतरी पत्करा, लग्न करा किंवा लावून द्या, आणि तुमच्या मुसलमान मुलखात घेऊन जा.

अनया: पण मघाशी तूच म्हणालीस ना, ख्रिश्चन राजाच्या राज्यात तिथल्या मुसलमानांचं बरं चाललं होतं? मशिदी होत्या, बाजार त्यांच्या हातात, ख्रिश्चन बायकासुद्धा त्यांच्यासारख्या नटायच्या.

रत्ना: होतं ना. राजाला अरबी यायचं, स्वयंपाकघर मुसलमानाच्या हाती दिलेलं. पण त्याच्याच महालातली माणसं नमाज मात्र लपून पढायची. राजाची मर्जी आहे तोवर सगळं छान, उद्याचं कोण सांगणार? त्या हजच्या प्रवाशांतला एक अरब हेच लिहून ठेवतो. राजाचं कौतुक करतो, आणि आपल्या माणसांसाठी त्याचा जीव तुटतो.

अनया: आपलंच वर्णन की. घर आहे, दोन गाड्या आहेत, आणि बाबांचा जॉब गेला की गाशा गुंडाळा.

रत्ना: कुठलं कुठे नेऊ नकोस, अनू.

अनया: मी नाही नेत. नागपूरच्या आजीला माझी जन्मवेळ कशाला विचारलीस?

रत्ना: आजीने सांगितलं?

अनया: फोन करून काँग्रॅट्स केलं तिने. आज शोभनाकाकू जेवायला येणार, बरोबर टेक्ससचा भाचा. ऋषी. सिटिझन. आणि तू तर जन्मात पत्रिका उघडली नाहीस.

रत्ना: त्याच्या आईला लागते, असं शोभना म्हणाली. मार्चमध्ये एकवीसची होशील तू. आमच्या व्हिसावरून तुझं नाव निघणार. तू बालवाडीत होतीस तेव्हापासून ग्रीन कार्डच्या रांगेत उभे आहोत आम्ही. स्टुडंट व्हिसा घेतलास तरी पुढे तीच रांग, सिटिझनशी लग्न झालं तरच ती सुटते. मला झोप लागत नाही गं. मुलगा चांगला आहे म्हणे.

अनया: म्हणे. त्या मुलीला कुणी विचारलं होतं?

रत्ना: ती खुशीने तयार झाली, असं लिहिलंय. तिलाही तिथून सुटायचंच होतं.

अनया: लिहिलंय कुणी, प्रवाशानेच ना? आणि तिची आई कुठे होती?

रत्ना: आईचा उल्लेख नाहीये. बाप आहे, भाऊ आहेत. किती वेळा वाचलं मी ते, माझ्या लक्षातच आलं नाही.

अनया: आई, मला टोरंटोला ॲडमिशन मिळालीय.

रत्ना: कधी?

अनया: गेल्या आठवड्यात. मलाही सुटायचंय, पण कुणाच्या गळ्यात पडून नाही. सांगायचा धीर होत नव्हता, कारण तुम्हाला मला सोडायलासुद्धा येता येणार नाही. बाबांच्या व्हिसाचं एक्स्टेंशन अडकलंय, लॉयर म्हणते देशाबाहेर पाऊल टाकू नका. मी गेले की तुम्ही दोघंच इथे.

रत्ना: शोभनाला फोन करते. जेवायला या म्हणावं, पत्रिकेचं राहू दे.

अनया: रागावलीस?

रत्ना: नाही. नायगराला पूल आहे ना, पलीकडे कॅनडा?

अनया: आहे. चालत जाता येतं.

रत्ना: मग अलीकडच्या टोकापर्यंत मी येते.