काळं की क्रोम, देवाला विचारलं

...वीट आला हो. तुम्हाला सांगतो, त्या दोन शब्दांचा इतका वीट आलाय की घरात कोणी काळा वाटाणा म्हटलं तरी मी ताटावरून उठतो. काळं की क्रोम. अरे, गाडी कोणाची? माझी. जुनी मोटारसायकल. बायकोला, मथुरेला, मागे बसवायचं नि मिरकरवाड्याच्या बंदरावर जाऊन बांगडे आणायचे, एवढंच तिचं काम, नि एवढंच माझं सुख. आमचा नातू रितेश, लोट्याला कंपनीत असतो, शनिवार-रविवार घरी, तो म्हणाला, "आजोबा, हिला कस्टम करू, लोक वळून बघतील." म्हटलं, कर बाबा. गणपतीत उघडली ती अजून सुटीच... सायलेन्सर माझ्या खाटेखाली, टाकी तांदळाच्या पिंपावर. का? रंग ठरत नाही. रितेश म्हणतो, "सगळं काळं, इंजिनसुद्धा. रुबाब असतो." त्याची बायको नम्रता म्हणते, "म्हस आणताय की गाडी? क्रोम करा, तोंड दिसलं पाहिजे त्यात." तो म्हणतो, "खाऱ्या वाऱ्यात डाग पडतील, पुसणार कोण?" ती माझ्याकडे बघते. बरं, पुसतो मी, पण ठरवा की. नाही. जेवताना तेच, अंथरुणं घालताना तेच, शी... काळं की क्रोम.

शेवटी मथुरा म्हणाली, "अहो, विहीर कुठे खणायची ते देवाला विचारलंत, आता हेही विचारा."

गेलो देवळात कौल लावायला. गुरवाने देवाच्या दोन्ही अंगांना ओल्या पाकळ्या चिकटवल्या, जी पडेल तो देवाचा कौल, गाऱ्हाणं घातलं, "बा म्हाराजा, काळं असेल तर उजवी दे, क्रोम असेल तर डावी दे," आम्ही सगळे "होय म्हाराजा", नि बसलो बघत. पाकळी हलेल तर शपथ. रितेश म्हणतो, "पंखा लावा जरा." नम्रता म्हणते, "पंखा उजव्या बाजूलाच आहे, कळतं मला." देवासमोर हो, देवासमोर जुंपली दोघांची, काळं की क्रोम. गुरव मान खाली घालून म्हणाला, "देव कंटाळलेला दिसतो. दुसरं काही विचारा."

तेव्हा मी हात जोडले. म्हटलं, म्हाराजा, रंगाचं राहू दे. त्या गाडीवर मी मथुरेला घेऊन परत बसेन का? बसणार असेन तर उजवी दे, नाहीतर डावी.

माझं बोलणं पुरं व्हायच्या आत डावी पडली.

मथुरेने पिशवी काखोटीला मारली. म्हणाली, "चला, एसटी येईल."

आता एसटीनेच जातो बांगडे आणायला. ती लाल असते. तिचा रंग आम्हाला कोणी विचारला नव्हता.