फोनवर नाही सांगता आलं

—'मुलीशी आता बोलणार नाही म्हणतो,' एवढंच पडलं गं माझ्या कानावर. तुझी आत्या फोनवर कुणाला तरी सांगत जिना उतरत होती, पुढचं वाक्य खालच्या मजल्यावर गेलं. मग मी काय केलं — तुला फोन केला. शेजारधर्म. त्यात 'मरेपर्यंत' हा शब्द माझ्या पदरचा, अन् तुझ्या लग्नाचा राग असेल, हेही माझंच. आता लपवून काय करू. बॅग ठेव खाली, दोन मिनिटं ऐक, मग वाजव बेल.

तुझे बाबा साथीत सापडले, वीस दिवस ऑक्सिजनवर होते, बरे होऊन घरी आले — एवढंच कळवलेलं ना तुला? आले की घरी. पण तो आजार छातीतून गेला अन् तोंडात शिरला. हिरड्या सुजल्या, दात हलायला लागले, आम्ही म्हटलं वय झालं. काळी बुरशी निघाली. वरचे दात, टाळू, निम्मा जबडा, सगळं कापून काढलं. 'तिला सांगायचं नाही, ती आत्ता कुठे संसारात रुळतेय' — अशी ताकीद आम्हाला. आता तोंडात प्लेट बसवली तरच घोटभर पाणी खाली उतरतं, नाहीतर नाकातून बाहेर. अन् बोलणं — तीस वर्षं बसस्थानकावर गाड्या पुकारल्या त्या माणसानं, आता 'बाळा' म्हणायला गेले की 'माळा' ऐकू येतं. मला ठाऊक, कारण भिंत पातळ आहे अन् — बरं, लावते मी कान, लावते. रोज सकाळी एकच वाक्य घोटायचे. 'बाळा, कशी आहेस.' चाळीस-चाळीस वेळा.

मग एक दिवस थांबलंच ते. का, ते काल कळलं. सूप द्यायला गेले, सरळ विचारलं, तर पाटीवर लिहून दिलं त्यांनी. त्यांचा जुना फोन दवाखान्यातच हरवला ना — तुला एक फोन आला होता का गं, अनोळखी नंबरवरून? कुणीतरी गेंगाणं, न समजणारं बोलत होतं? तू राँग नंबर म्हणालीस अन् ठेवलास—

बस. पायरीवरच बस. तुला कसं कळणार होतं?

तेव्हा म्हणाले ते आत्याला, हे खरंय. 'मुलीशी आता बोलणार नाही, घाबरते ती.' रागाचं त्यात काही नव्हतं. अन् माझ्या फोननंतर तू आत्याकडे चौकशीचा फोन करणंच सोडलंस, त्यांना वाटतंय, आवाज ओळखूनच सोडलंस.

नाही, मी नाही येत आत. काय बोलू म्हणून मला नको विचारूस. माझं बोलणं आधीच पुष्कळ झालंय. जा.